शाळेला दोन कुलपं हवीत

प्रिय सोनू,



नकाशा पोचला. फोनच्या पडद्यावर नीट दिसेना, म्हणून झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर छापून आणला आणि तेव्हापासून तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावून ठेवलाय. आपल्या शाळेच्या जुन्या खोल्यांचं निर्लेखन मंजूर झालं, लोकवर्गणी उभी राहिली, उरलेली रक्कम एका कंपनीच्या सामाजिक निधीतून येतेय आणि नवी शाळा आपल्याच घरातली मुलगी आखतेय. ज्या आवारात मी इतकी वर्षं परिपाठ घेतला तिथे तुझ्या हातची वास्तू उभी राहणार, या विचारानं ऊर भरून येतो. म्हणून जे वाटतं ते सगळं मोकळेपणानं लिहिते.

तू दोन गोष्टी विचारल्यास. मुलांच्या सोयीनं बदलत राहील अशी शाळा कशी असते, आणि ती गावालाही वापरायला द्यायची म्हणजे नेमकं काय द्यायचं. मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते.

गावाला शाळा द्यायची का, हे ठरवायचं राहिलेलंच नाही. जिल्हा परिषदेची शाळा गाव आधीपासून वापरतंय. मतदान तिथेच, लसीकरण तिथेच, पावसात ग्रामसभा तिथेच. सप्ताहाला आलेली भजनी मंडळी तिथेच उतरतात, मोठ्या लग्नाचं वऱ्हाडही. करोनाच्या काळात मुंबई-पुण्याहून आलेल्यांना शाळेच्या खोल्यांतच ठेवलं होतं. २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे किती कुटुंबं शाळांच्या आसऱ्याला राहिली, ते तू पाहिलंयस. हे सगळं मला योग्यच वाटतं. ही इमारत गावाच्या पैशातून आणि घामातून उभी राहते, तिच्यावर गावाचा हक्क आहे.

पण या वापराची बाजू मुलांच्या उंचीवरून बघ. शनिवारी वर्गात काय काय मांडलेलं असतं! कुणी चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून शंभरापर्यंत आलेलं असतं, कुणाचा मातीचा बैल वाळायला ठेवलेला असतो, चौथीच्या मुलींनी गावाचा नकाशा भिंतीवर अर्धा रंगवलेला असतो. रविवारी कार्यक्रम होतो. सोमवारी दार उघडावं तर चिंचोके केरात, बैलाचं शिंग मोडलेलं, नकाशावर कुणीतरी मोबाइल नंबर लिहिलेला. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पन्नास माणसं एका खोलीत वावरली की असं होणारच. मूल मात्र त्यातून एक गोष्ट शिकतं, की इथे काही ठेवून जायचं नाही. मग ते सगळं दप्तरात भरून घरी नेतं. आणि आज सुरू करून उद्या पुढे न्यायचं काम त्या वर्गातून हळूहळू हद्दपार होतं. उरते पाटी आणि फळा, कारण ती संध्याकाळी पुसली तरी चालतात.

तुझ्या नकाशात एक मोठं दालन आहे आणि सरकत्या पडद्यांनी त्याच्या खोल्या होतात. दिवसा वर्ग, संध्याकाळी सभागृह. कागदावर ते फार देखणं दिसतं. पण त्यात मुलांचं असं काहीच उरत नाही, पडदे सरकले की सगळंच गावाचं. माझं म्हणणं असं, की या शाळेला दोन कुलपं हवीत. एक गावासाठी उघडणारं, दुसरं फक्त मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी. नकाशा काढायला बसशील तेव्हा भिंतींच्या आधी ही दुसऱ्या कुलपाची रेघ ओढ.

रेघेच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला, गाव आणि मुलं दोघांनी वापरायच्या जागा येऊ देत. वाचनालय, स्वयंपाकघर, मोठी पडवी, ओटा, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृहांचा एक संच. पलीकडे वर्ग, त्यांची अंगणं, मुलांची स्वतंत्र स्वच्छतागृहं आणि साहित्याची खोली. वाचनालयाला दोन दारं हवीत, एक वर्गांकडून, एक रस्त्याकडून. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वाचनालय सांगितलंय आणि त्यात गोष्टींच्या पुस्तकांबरोबर वर्तमानपत्रही सांगितलंय, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. पारावर बसणारी म्हातारी माणसं सकाळी पेपर वाचायला तिथे आली आणि त्याच वेळी तिसरीतली पोरं पुस्तक बदलायला आली, तर त्यांची गाठ आपोआप पडेल. त्यासाठी वेगळा उपक्रम राबवावा लागणार नाही.

स्वयंपाकघर मागच्या कोपऱ्यात ढकलू नकोस. बहुतेक ठिकाणी ती पत्र्याची शेड शाळेच्या पाठीमागे असते, धूर वर्गात आणि पाणी लांब. खिचडी शिजवणाऱ्या ताई गावातल्याच असतात, आपल्याकडे तर बचत गटातल्याच आहेत. स्वयंपाकघर पुढच्या पडवीला लागून असलं तर दुपारी मुलं सावलीत पंगतीला बसतील आणि सुट्टीच्या दिवसांत त्याच ओट्यावर बायकांना पापड-शेवया करता येतील, त्यांची मासिक बैठकही तिथेच होईल. हात धुवायचे नळ मात्र मुलांच्या उंचीवर लाव. मोठ्यांना वाकता येतं.

आता तू म्हणशील, आत्या, एवढा खटाटोप कशाला, गावासाठी वेगळं सभागृह बांधू देत. हिशेब कर. कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं असतं. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे गावातली सगळ्यात पक्की इमारत वर्षाच्या दहातले नऊ हिस्से कुलूपबंद असते. दुष्काळी माणदेशात, जिथे दर रुपया मोजून खर्चायचा, तिथे शेजारी शेजारी दोन बंद इमारती उभ्या करणं मला पटत नाही. आणि दुसरं कारण पैशापेक्षा मोठं आहे. पट कमी होत चाललाय. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायच्या, अशी चर्चा काही वर्षांपूर्वी उठली तेव्हा किती वस्त्यांवर काळजी पसरली होती! ज्या शाळेत फक्त अठरा घरांची मुलं जातात, तिच्यासाठी अठरा घरंच भांडतात. जिथे आजोबा पेपर वाचतात, बायकांची बैठक होते, रात्री भरतीचा अभ्यास करणारी पोरं दिव्याखाली बसतात, तिच्यासाठी सगळं गाव उभं राहील.

हा विचार इंग्लंडातल्या केंब्रिजशरमध्ये हेन्री मॉरिस नावाच्या शिक्षणाधिकाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी केला होता. खेडी ओस पडत चालली होती. १९२४मध्ये त्यानं एक टिपण लिहिलं: गावाला शाळा, वाचनालय, सभागृह, प्रौढांचे वर्ग असं तुकड्या-तुकड्यांनी देण्याऐवजी सगळं एका वास्तूत द्या. १९३०मध्ये सॉस्टनला पहिलं ‘व्हिलेज कॉलेज’ उघडलं आणि १९३९मध्ये इम्पिंग्टनचं, ज्याचा आराखडा वॉल्टर ग्रोपिअस आणि मॅक्सवेल फ्राय यांनी केला. ती मोठ्या मुलांची विद्यालयं होती, आपली तर पहिली ते चौथी. पण इम्पिंग्टनचा नकाशा काढून बघ. तिथे प्रौढांच्या खोल्यांची बाजू वेगळी आहे, वर्गांची वेगळी, आणि दोघांमध्ये सामायिक जागा. मी जी रेघ ओढायला सांगतेय ती तिथे स्पष्ट दिसेल.

आता तुझा पहिला प्रश्न. बदलत राहणारी शाळा म्हटलं की आर्किटेक्ट मंडळी भिंती काढायला निघतात. अमेरिकेत आणि इंग्लंडात १९६०-७०च्या सुमारास अशा बिनभिंतींच्या शाळा पुष्कळ बांधल्या गेल्या आणि पुढे त्यांतल्या कितीतरींमध्ये भिंती परत उभ्या कराव्या लागल्या, कारण एका वर्गाचा आवाज दुसऱ्याला शिकू देईना. आपल्याकडे तर पहिलीची मुलं मोठ्यानं म्हणत शिकतात, आणि तसंच शिकायला हवं. तुझे सरकते पडदे तो आवाज अडवणार नाहीत. शिवाय त्यांची चाकं तिसऱ्या वर्षी अडकतील आणि तालुक्याला ती दुरुस्त करणारा मिळणार नाही.

आपल्या वर्गात काय चालतं ते सांगते. साठपर्यंत पट असला की दोन शिक्षक. म्हणजे एका खोलीत कायम दोन इयत्ता. एका वेळी पाच-सहा मुलं बाईंजवळ वाचत असतात, दोन जोड्या एकमेकांना गणितं घालत असतात, एक मूल एकटंच काहीतरी करत असतं, आणि काही वेळ सगळी मिळून गाणं म्हणतात. बदल हवा तो या दहा-दहा मिनिटांच्या हालचालींत. त्याला हलती भिंत लागत नाही, कोपरे लागतात. चौकोनी खोलीला चारच कोपरे, त्यातल्या एकात कपाट, एकात दार. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी खोली केलीस, तर एक बाजू शांत बसण्याची होते, दुसरी पसाऱ्याची, आणि मधल्या वळणावर बसलेल्या बाईंना दोन्हीकडे दिसतं. शाखा अभियंता ठरावीक नमुना पुढे करतील, भिंती वाढल्या म्हणून अंदाजपत्रकावर बोट ठेवतील. तेव्हा खोली चौकोनीच ठेव आणि पडवीच्या बाजूला सहा फूट खोल असा एक कोनाडा बाहेर काढ. कामाला तोही पुरतो.

‘एल’ खोली ही माझी कल्पना नव्हे. शिकागोजवळच्या विनेटका गावातली क्रो आयलंड शाळा १९४०मध्ये उघडली. एलिएल आणि ईरो सारिनेन हे बापलेक आणि पर्किन्स, व्हीलर व विल ही तेव्हाची तरुण मंडळी यांनी ती आखली. ‘एल’ आकाराचा वर्ग, प्रत्येक वर्गाला स्वतःचं अंगण, हात खराब करायच्या कामांसाठी बेसिन असलेली बाजू, वर्गाचंच स्वच्छतागृह, दोन बाजूंनी उजेड. छत त्या काळच्या शाळांपेक्षा खाली, नऊ फुटांवर. दाराच्या मुठी आणि दिव्यांची बटणं मुलांच्या हाताला येतील अशी. सभागृहातल्या खुर्च्या पुढे लहान आणि मागे जाता जाता मोठ्या, म्हणजे पहिलीचं मूल आणि त्याचे आईवडील दोघांचेही पाय जमिनीला टेकतात. मुलं आणि मोठी माणसं एकच जागा कशी वाटून घेतील, याचं इतकं प्रेमळ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

हे एकाएकी सुचलेलं नव्हतं. तिथले शिक्षणप्रमुख कार्लटन वॉशबर्न यांनी आधीपासून मुलांना आपापल्या गतीनं शिकू द्यायची पद्धत रुजवली होती. लॉरेन्स पर्किन्स आराखड्याआधी बराच काळ वर्गांत बसून मुलांकडे बघत राहिले. आणि फ्रान्सिस प्रेस्लर या शिक्षिकेनं वास्तुरचनाकारांना एक पत्र लिहून शाळा कशी असावी, मुलांना तिथे काय वाटावं, हे सांगितलं. ते पत्र पुढे आराखड्याइतकंच प्रसिद्ध झालं. त्या बाईंची मला फार आठवण येते हे लिहिताना. शिक्षकांनी वास्तुरचनाकारांशी बोलायचं असतं, हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही. आमच्याकडे खोली बांधून झाल्यावर किल्ली येते.

दुसरं उदाहरण डेल्फ्टचं. हेर्मान हेर्त्सबर्गर यांनी १९६०च्या दशकात तिथली मॉन्टेसरी शाळा बांधली. मधल्या दालनात त्यांनी विटांचा एक ठोकळा घातलाय, कायमचा, न हलणारा. जाण्यायेण्याच्या वाटेतच आहे, काढून टाका असं कुणालाही वाटेल. पण मुलं त्यावर बसतात, नाटक करतात, वस्तू मांडतात. बालवर्गात याच्या उलट, जमिनीत एक चौकोनी खड्डा आणि त्यात सुटे लाकडी ठोकळे. ते काढून बसायला घ्या, त्यांचे मनोरे रचा, किंवा रिकाम्या खड्ड्यात गोल करून बसा. मला यातून एवढंच समजतं, की मुलांना हाताळायला काही घट्ट आणि काही सुटं लागतं. आपल्याकडे घट्ट म्हणजे ओटा, पायऱ्या, झाडाभोवतीचा पार. सुटं म्हणजे बस्करपट्ट्या, पाट, हलक्या पेट्या. या वस्तूंवर पैसे खर्च कर. आणि पायऱ्या नुसत्या चढण्यापुरत्या करू नकोस, एखादी रुंद ठेव.

आणि तुला परदेशाची उदाहरणं देऊन थांबले तर कोसबाडचा अपमान होईल. ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला गेल्या, १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथे त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी पाड्यांवरच्या अंगणांत बालवाडी भरवली. महागडं मॉन्टेसरी साहित्य परवडण्यासारखं नव्हतं, तेव्हा बिया, शंख, पानं, खडे यांतून साहित्य घडवलं. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणावर गेले, त्या शाळेला कुरणशाळा म्हणत. मुलाचं आयुष्य जिथे आहे तिथवर शाळा पोचली पाहिजे, हे त्यांनी एकही मोठी इमारत न बांधता दाखवलं. आपल्याकडे मेंढपाळांची मुलं वर्षातले काही महिने बाहेर असतात, परतली की तेवढ्या महिन्यांची उणीव घेऊन वर्गात बसतात. त्यांच्यासाठी वाचनालयाची संध्याकाळ फार मोलाची ठरेल. त्या खोलीत दिवा चांगला दे.

भिंतींवर लिहायचं म्हणशील तर सांभाळून. ‘बाला’ नावाची कल्पना, म्हणजे इमारत हेच शिकण्याचं साधन, कबीर वाजपेयींनी किती विचारानं मांडली होती! दार उघडताना जमिनीवर कोन दिसावेत, खिडकीच्या गजांवर मणी सरकवून मोजता यावं, पायऱ्यांवर संख्यारेषा असावी. गावोगावी तिचं झालं काय, तर बोलक्या भिंती, म्हणजे ऑइलपेंटनं छतापर्यंत रंगवलेले प्राणी आणि नद्या. पेंटरनं रंगवलेली भिंत पहिल्या आठवड्यानंतर मूल बघत नाही आणि तिथे स्वतःचं काही लावताही येत नाही. जमिनीपासून चार फुटांपर्यंतची भिंत कोरी आणि काळी ठेव, मुलांना खडूनं लिहायला. वर एक लाकडी पट्टी दे, चित्रं अडकवायला.

खिडक्यांबद्दल तर हट्टच आहे माझा. तू तळ तीन फुटांवर घेतलायस. आपली मुलं जमिनीवर बसतात. सहा वर्षांचं मूल मांडी घालून बसलं की त्याचे डोळे जेमतेम दोन फुटांवर येतात. तीन फुटांच्या खिडकीतून त्याला फक्त आभाळ दिसतं. दीड फुटावर तळ घे, आतून रुंद फळी कर, म्हणजे ती बसायला आणि पुस्तक ठेवायलाही होईल.

छत पत्र्याचं नको. परतीच्या पावसात एकदा धार लागली की बाईंचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंतही जात नाही. स्लॅब टाकलास तर वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसव, मार्चनंतर सकाळची शाळासुद्धा दहा वाजता भाजायला लागते.

एक गंभीर गोष्ट. गावाला दार उघडं ठेवायचं म्हणजे अनोळखी माणसालाही उघडं राहतं. जपानमध्ये १९९०च्या दशकात कुंपण नसलेल्या शाळा होऊ लागल्या होत्या, चिबाची उतासे प्राथमिक शाळा त्यांतली नावाजलेली. २००१मध्ये ओसाका प्रांतातल्या इकेदा इथे एका माणसानं शाळेत शिरून आठ मुलांचा जीव घेतला आणि सगळा देश हादरला. त्यानंतर फाटकं आणि पहारे वाढले. आपल्या कायद्यातही संरक्षक भिंत किंवा कुंपण आवश्यक आहे. म्हणून दुसऱ्या कुलपाची रेघ शाळेच्या वेळातही चालू असली पाहिजे. मुलांच्या बाजूला जायची वाट एकच असावी, ती वाचनालय आणि स्वयंपाकघर यांच्या मधून जावी, म्हणजे कुणीतरी ओळखीचं माणूस तिथे कायम असेल. कॅमेऱ्यापेक्षा खिचडी ढवळणाऱ्या ताईंची नजर मला भरवशाची वाटते.

बाकीचं वास्तूत मावणारं नाही, तरी नकाशाबरोबरच ठरवून घे. संध्याकाळच्या वापराचं वीजबिल कोण भरणार? बिल थकल्यानं शाळेची वीज तुटली, असं आपल्या भागात घडलेलं आहे. गावाच्या बाजूला वेगळा मीटर बसव आणि तो ग्रामपंचायतीच्या नावावर कर. बाहेरच्या स्वच्छतागृहांची सफाई कुणी करायची, समारंभ झाल्यावर सोमवारच्या आत पडवी कुणी धुवायची, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घे. किल्ल्या शाळा व्यवस्थापन समितीकडे असाव्यात. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असतात, म्हणजे ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांच्याच हातात दार राहील. आणि मतदानाला निवडणूक विभागाला खोली लागेल, तेव्हा वाचनालय द्यायचं, वर्ग नाहीत. त्यासाठी रॅम्प वाचनालयाच्या रस्त्याकडच्या दारापर्यंतही ने.

नवा नकाशा काढण्याआधी इकडे ये. शाळा सध्या मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरतेय. तिथे सरपंचांना भेटण्याआधी पहिलीच्या रांगेत मुलांबरोबर जमिनीवर बस, एक दिवस नको, निदान आठवडाभर. त्यांना कागद दे आणि शाळेत लपायची जागा कुठे हवी ते काढायला सांग. खिचडीच्या ताईंशी बोल, रात्री अभ्यास करणाऱ्या पोरांशी बोल, आणि शाळेतल्या नव्या बाईंशी सगळ्यात जास्त बोल, त्या संकोची आहेत, विचारल्याशिवाय सांगणार नाहीत. मोजपट्टी आण. माझ्याकडे उतर. अंथरूण काढून ठेवलंय.

तुझी,
आत्या